वजा

जुनी मोटार घ्यावयाचा विचार नुसता मनात यावा, आणि आमंत्रणाची वाट न पाहता खिशात लोहचुंबक व बगलेत छत्री घेऊन जो गृहस्थ दारात उभा राहावा, असा एक तरी गृहस्थ प्रत्येक आळीत असतोच. आमच्या आळीतले ते म्हणजे अप्पा. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असताना जप्तीच्या मालाचे पंचनामे करण्यात त्यांची उमेद खर्ची पडलेली असल्यामुळे, कोणत्याही मोटारीकडे ते जप्त मालाकडे पाहावे तसेच पाहतात.

कोथरूडच्या एका निवृत्त गणितशिक्षकांची 2014 पासिंगची ऑल्टो मी पाहावयास गेलो, तेव्हा त्यांच्या नमस्काराचा स्वीकार करण्यापूर्वीच अप्पांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि ते कोमट लागताच माझ्याकडे वळून ते म्हणाले, "सकाळीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन खरं बोलतं. तापवलेलं इंजिन म्हणजे पढवलेला साक्षीदार. पाच हजार वजा."

मालकांनी दोन लाख सांगितले होते. टायरच्या कडेला 1817 हे आकडे निघाले, म्हणजे टायर 2017 सालच्या अठराव्या आठवड्यातले. बारा हजार वजा. मागच्या दारावर लावलेले लोहचुंबक पत्र्याला न चिकटता अप्पांच्या चपलेवर पडले, त्याअर्थी रंगाखाली लांबी भरलेली. आठ हजार वजा. मीटर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर दाखवीत होता, परंतु क्लचच्या पेडलाचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते; दहा हजार वजा. शेवटी पायाखालची मॅटिंग उचलून त्यांनी तिचा दीर्घ वास घेतला; कारण 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडून मुंबईत ज्या असंख्य गाड्या बुडाल्या, त्या पुसूनपासून बाजारात आल्या, तेव्हापासून प्रत्येक गाडी बुडालेलीच आहे असे ते गृहीत धरतात. ही गाडी त्या पुरानंतर नऊ वर्षांनी जन्मली आहे, हे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा "वास घ्यायला काय पैसे पडतात?" एवढेच ते म्हणाले.

ही वजाबाकी मोटारीपुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. आमच्याकडील चहाच्या कपाचा कान तुटलेला दिसला की "वजा". भाचीसाठी पाहावयास गेलेल्या मुलाने चष्मा पुसण्यासाठी काढला की माझ्या कानात "वजा". कीर्तनात बुवांचा आवाज बसला की आरतीच्या ताटात टाकावयाच्या दहातले पाच परत खिशात. माझ्या साठीच्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. आकडा मात्र सांगितला नाही, हे त्यांचे माझ्यावरील उपकार होत.

मालकांकडील कागदपत्रांत त्यांना काही सापडेना. आर.सी.वर बँकेचा बोजा नव्हता, फॉर्म 29 व 30 वर सह्या तयार होत्या. तेव्हा 2029 साली पंधरा वर्षे भरून पुनर्नोंदणी करावी लागेल व पर्यावरण कर पडेल, या सबबीवर तीन हजार वजा करून त्यांनी विम्याचे कोष्टक काढले: पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षअखेर पंधरा, मग वीस, तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास.

"आणि पाच वर्षांनंतर?" शिक्षकांनी शांतपणे विचारले.

कोष्टक तेथेच संपते. त्यापुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावयाची असते. अप्पांनी चष्मा सारखा केला. "पुढे," ते म्हणाले, "दोघांनी एकमेकांची तोंडं बघून."

त्यांच्या हिशेबाने 1,62,000 होत होते. मी शिक्षकांच्या तोंडाकडे पाहिले आणि 1,70,000 कबूल केले. अप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी मात्र, चढ पाहिल्याशिवाय गाडी कळत नाही या कारणास्तव त्यांनी मला सिंहगडाच्या पायथ्याशी नेले. डोणज्याला भजी खाताना मी सहज विचारले, "अप्पा, तुमची स्वतःची गाडी कोणती होती?"

"घेतलीच नाही. आमच्या उमेदीत नव्या फियाटला वर्षानुवर्षं नंबर, त्यामुळे जुनीच कित्येकदा नवीपेक्षा महाग जायची. वजा करायला जागाच नव्हती, म्हणून घेतली नाही. पुढे त्र्याऐंशीच्या डिसेंबरात मारुती आली, होता होता जुन्या गाड्यांचा बाजार भरला, आणि वजा करता यायला लागलं." त्यांनी एक भजे उचलले, ते उलटसुलट करून पाहिले. "म्हणून घेतली नाही."

तेव्हापासून दर आठवड्याला, किंमत जास्त दिली की काय याची फेरतपासणी म्हणून, अप्पा येतात. पुढच्या आसनावर बसतात, काच पूर्ण खाली करतात, खडकवासल्याच्या पाण्यावरून येणारा वारा तोंडावर घेतात आणि धरण मागे पडेपर्यंत चकार शब्द काढत नाहीत. परवा परत आल्यावर उतरून, सवयीने त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. ते चांगलेच तापले होते. साक्षीदार पढवलेला आहे असे काही ते म्हणाले नाहीत. हातही बराच वेळ उचलला नाही.