आडनाव आधी, किल्ली नंतर

मुंबईत भाड्याचं घर शोधताना दलालाचा पहिला प्रश्न बजेटचा नसतो. ‘पूर्ण नाव?’ आडनाव ऐकेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा त्याच्या बोटावर गरगरत राहतो. माझं आडनाव पास झालं. मग, ‘व्हेजच ना?’ मी सुरमईचं नाव काढलं आणि जुडगा खिशात गेला. ‘मला काही नाही हो, सोसायटीचं म्हणणं.’ हे सोसायटी नावाचे गृहस्थ मला अजून भेटायचे आहेत.

वंश-धर्म पाहून घर नाकारायला अमेरिकेत १९६८ साली कायद्याने बंदी आली. आपल्याकडे संविधानाचं कलम १५ आहे, पण त्याचा रोख मुख्यतः सरकारवर, घरमालक निवांत. २००५ साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतल्या एका गृहनिर्माण संस्थेचा ‘सभासद पारशीच हवा’ हा नियम वैध ठरवला. उरला रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवहारांचा कायदा. त्यात दलालाला नोंदणी सक्तीची, पण ती घर विकणाऱ्या दलालाला. भाड्यावाला मोकळा.

दलाली मात्र पूर्ण निधर्मी आहे. अकरा महिन्यांच्या कराराला एका महिन्याचं भाडं. मटण खाणाऱ्यालाही तेवढंच.