आरतीवाल्या गणपतीचं हेडिंग

फिरत्या नाटक मंडळीचा नंबर ९५०८. सर्कस, जत्रेतले पाळणे आणि नेमबाजीचे स्टॉल यांच्याच ओळीत तिला बसवलंय. मंडळीच्या पेटाऱ्यातले केसांचे टोप, खोट्या दाढ्या आणि भुवया वेगळ्या आणल्या तर मात्र ६७०४. परदेशातून कोणी हिम मागवलं तर २२०१, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या घरात. कस्टम्स टॅरिफ दिवसभर चाळणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी पाठ होतात आणि मग लग्नकार्यात पंगतीला बसल्यावर त्या सांगाव्याशा वाटतात. शेजारचा माणूस मठ्ठा मागवायच्या निमित्ताने तोंड फिरवतो, तो भाग वेगळा.

जगातली यच्चयावत वस्तू कुठल्या ना कुठल्या नंबरात बसलीच पाहिजे, असा ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचा आग्रह आहे. तिची ही ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. पहिल्या प्रकरणात घोडे-गाढवं, शेवटच्या म्हणजे ९७ व्या प्रकरणात चित्रं, शिल्पं आणि शंभर वर्षांवरच्या जुन्या वस्तू. मधलं ७७ वं प्रकरण पुढेमागे लागेल म्हणून कोरं ठेवलंय. इतकी वर्षं रिकामी जागा आणि तिच्यावर कोणी झोपडं बांधलं नाही, हे मुंबईच्या माणसाला पचायला जड जातं. नंबरातले पहिले सहा आकडे साऱ्या जगाचे, पुढचे दोन आपले. या आठ आकड्यांवर ड्यूटी ठरते, परवाना लागतो की नाही ते ठरतं, आणि कंटेनर न्हावा शेव्याहून आज सुटणार की डेमरेज खात पडणार, हेही पुष्कळदा ठरतं.

मी मुंबईत एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात आहे. आमच्याकडे जी कार्डवाले, म्हणजे कस्टम्सची परीक्षा पास झालेले, एक काका आहेत. त्यांची हयात बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसचे जिने चढण्यात गेली. कुठलाही माल आला की ते आधी तो हातात घेत, वजन अजमावत, नखाने खरवडत, कधी कधी हुंगत. मग म्हणत, “जैन काढ रे.” म्हणजे आर. के. जैन यांचं टॅरिफचं जाडजूड पुस्तक. ते पानं उलटत आणि आम्ही वाट बघत असू.

आता सॉफ्टवेअर आलंय. इन्व्हॉइसची ओळ टाकली की ते तीन हेडिंगं सुचवतं आणि प्रत्येकाशेजारी खात्रीची टक्केवारी देतं. हिरवा पट्टा म्हणजे बिनघोर, पिवळा म्हणजे एकदा बघून घ्या. लांबलचक इन्व्हॉइस चहा संपायच्या आत लावून देतं. कालच निघालेलं नोटिफिकेशन त्याला आज माहीत असतं. आम्हाला ते बहुधा क्वेरी आल्यावर कळायचं. नटबोल्ट, बेअरिंगं, केबल, व्हॉल्व्ह अशा रोजच्या मालात मी त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडणारा लेख लिहायचा असता तर मी दुसरा धंदा शोधला असता.

त्याची एकच खोड आहे. त्याला गप्प बसता येत नाही. चीनमधल्या कारखानदाराने इन्व्हॉइसवर नुसतं ‘सुंदर गिफ्ट आयटम, नवीन मॉडेल’ एवढंच लिहिलं, तरी ते तीन हेडिंगं देतंच. काका अशा वेळी सरळ म्हणतात, “माल दाखव, नाहीतर कॅटलॉग दे.” सॉफ्टवेअरने आजवर कोणाला माल दाखवायला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि जिथे काहीच बसत नाही तिथे ‘इतर’ असतं. ३९२६ ९० ९९, म्हणजे प्लास्टिकच्या इतर वस्तू, त्यांतल्याही इतर, त्यांतल्याही इतर. आमच्या धंद्यात या नंबरावर अनेकांचे संसार चालले आहेत. कस्टम्सच्या ॲप्रेझरला तो दिसला की त्याची भुवई वर जाते (खरी, ६७०४ वाली नव्हे). सॉफ्टवेअर ‘इतर’ला कमी टक्के देतं. त्याला कोणीतरी शिकवून ठेवलंय की आधी नेमकं घर शोधावं, कुठेच नाही मिळालं तर ‘इतर’. नियम तसाच आहे, पण माणूस घाईत असला की उलट्या क्रमाने जातो.

आता कोणी म्हणेल, वस्तू डोळ्यांसमोर आहे, तिचं काय ते नाव लिहा आणि मोकळे व्हा. खोबरेलाचंच बघा. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाण्याचं की केसांना लावायचं, हा एक्साइजमधला वाद वर्षानुवर्षं चालला. टॅरिफ एक्साइजचं, पण हेडिंगं हीच: खाद्यतेल १५१३, केसांचं ३३०५. सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली, आणि शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल केसांचं ठरत नाही. केशतेल म्हणून ते विकलं जातंय असं वेष्टनावरून दिसलं पाहिजे. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारलं असतं तर तिने एकाच बाटलीतलं तेल आधी नातीच्या डोक्यावर आणि मग कढईत ओतून दाखवलं असतं, पण तिला पक्षकार कोण करणार? तिकडे अमेरिकेत २००३ साली आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने ‘एक्स-मेन’च्या पुतळ्यांना बाहुल्या न म्हणता खेळणी म्हटलं. बाहुली व्हायला माणसाचं रूप लागतं, आणि हे म्युटंट काही माणसं नव्हेत. बाहुल्यांना ड्यूटी होती १२ टक्के, खेळण्यांना ६.८. आपल्या हिरोंना कोर्टाने माणसांतून उठवलं म्हणून कंपनी खूश!

मालाकडे बघणाऱ्याचा खिसा कुठे आहे, त्यावर माल काय आहे ते पुष्कळदा ठरतं. खेळण्यांवरची ड्यूटी आपल्याकडे २०२० च्या बजेटात २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. शिवाय बीआयएसचा शिक्का आला. त्यानंतर आमच्याकडे येणारी अस्वलं, मोटारी, बदकं अचानक मोठी झाली आणि ‘शोपीस’ म्हणवून घेऊ लागली. मोठ्या प्रमाणावरही हेच. फोक्सवॅगन समूहाच्या भारतातल्या कंपनीला सप्टेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरची नोटीस आली. कस्टम्स खात्याचं म्हणणं, वेगवेगळ्या खेपांत सुटे भाग म्हणून आले ते जुळवले की जवळजवळ पूर्ण गाड्या होतात. कंपनीला ते मान्य नाही आणि ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. सुटी करून आणलेली वस्तू ही पूर्णच धरावी, असा टॅरिफचा नियम आहे, दोनमधला ‘अ’. आता किती सुटी झाली की ती वस्तू उरत नाही, हे कोण सांगणार? टक्केवारी तर नाहीच सांगणार.

हे सगळं मी मांडतोय ते आरतीवाल्या गणपतीमुळे. रेझिनचा वीतभर गणपती, मागे एलईडीचं चक्र, पोटात चिप. बटण दाबलं की आरती. सॉफ्टवेअरवर बसणाऱ्या पोराने वर्णन टाकलं आणि उत्तर आलं: ८५१९, आवाज वाजवणारी उपकरणं, ७४ टक्के. दुसरं ९४०५, दिवे. तिसरं ९५०५, सणासुदीच्या वस्तू. मूर्तीचं ३९२६ ४० पहिल्या तिनात नव्हतंच.

पोरगा म्हणाला, “काका, सिस्टिम ८५१९ म्हणतेय. टाकू?”

“थांब. आधी ते ९५०५ काढ तिथून.”

ते काढणं सोपं होतं. ९५०५ मध्ये ख्रिसमसच्या सामानाला स्वतःचा स्वतंत्र उपनंबर आहे. आपली दिवाळी, आपला गणेशोत्सव पुढच्या ‘इतर’मध्ये. पण स्पष्टीकरण टिपांत म्हटलंय की पूजास्थळाची शोभा वाढवणाऱ्या मूर्ती त्यात धरायच्या नाहीत. राहिली दोन-तीन घरं आणि नियम तीनमधला ‘ब’: वस्तूचं मूळ स्वरूप ज्यात आहे, ते घर तिचं.

काकांनी गणपती टेबलावर ठेवला. बटण दाबलं. आवाज बारीक होता, पण ताल बरा होता. कॅबिनजवळची दोन माणसं उगीचच उभी राहिली.

“हे बघ,” काका म्हणाले, “चिप बंद पडली तर हा गणपती कोणी टाकून देईल?”

“नाही.”

“आणि हात तुटला, सोंड तुटली, पण चिप चालू आहे. तर?”

“खंडित मूर्ती घरात नाही ठेवत काका. विसर्जन.”

“मग? गाणं वाजत असताना विसर्जन करतोस ना? स्पीकरसाठी कोणी थांबत नाही. मूर्ती आहे ही. ३९२६ ४०.”

मला हा युक्तिवाद कुठल्याही न्यायालयात टिकेल असा वाटला, आणि तो सॉफ्टवेअरला कधी सुचेल असं वाटलं नाही. त्याला शिकवलंय जुन्या बिलांवर, आणि जुन्या बिलांत विसर्जन येत नाही. पोराने मात्र चोख प्रश्न विचारला: हे ठरलंच नसतं तर? तर नियम तीनमधला ‘क’. सगळं तर्कशास्त्र थकलं की ज्या हेडिंगचा नंबर मोठा ते जिंकलं. एवढी ब्रुसेल्सची विद्वत्ता, आणि शेवटी पत्ते पिसल्यासारखं! काका म्हणतात, तो नियम प्रामाणिक आहे. बाकीचे नियम आपल्याला हुशार असल्याचा भास करून देतात.

बिल ऑफ एंट्री गेलं. २०११ पासून हेडिंग आपणच ठरवून सही करायची, आणि चुकलं की फरकाची ड्यूटी, व्याज, दंड. माहिती लपवल्याचा ठपका आला तर पाच वर्षं मागे जाता येतं. सॉफ्टवेअरच्या ७४ टक्क्यांची सही चालत नाही, हे काका पोराला दिवसातून एकदा तरी ऐकवतात. पूर्वी ते गणपती काखोटीला मारून ॲप्रेझरच्या टेबलावर गेले असते आणि बटण दाबून मोकळे झाले असते. २०२० पासून असेसमेंट फेसलेस झालं. न्हावा शेव्याचा माल भलत्याच शहरातला अधिकारी तपासतो. त्याला गणपती दिसत नाही, ई-संचितवर चढवलेले फोटो दिसतात, आणि फोटोतून आरती ऐकू येत नाही.

क्वेरी आलीच: ‘मालाचा मुख्य उपयोग स्पष्ट करावा.’ काकांनी उत्तराचा मसुदा पोराकडून लिहून घेतला. त्यात चिप, मूर्ती, विसर्जन सगळं क्रमाने होतं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी ‘विसर्जन’ खोडून ‘ग्राहकाचा खरेदीचा हेतू’ असं घातलं. काका दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. पण माल सुटला.

आता त्याच आयातदाराची पुढची खेप बोटीवर आहे. चेकलिस्ट पाठवायची आहे आणि कॅटलॉग टेबलावर पडलाय. तोच गणपती, तेच रेझिन, फक्त पोटात चिपऐवजी घड्याळ. सॉफ्टवेअर ९१०५ म्हणतंय, ८८ टक्के. पोरगा या खेपेला काकांच्याच मार्गाने गेला: घड्याळ बंद पडलं तरी मूर्ती राहते, म्हणून मूर्ती. काका मात्र अडून बसलेत. त्यांच्या घरी असलाच एक आहे, आणि सकाळी त्याच्याकडे बघताना आपण नमस्कार करतो की आठ अठराची लोकल गाठायचा हिशेब करतो, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाहीये.