तिसरा कोण आला जी?

सीताबर्डीच्या गल्लीबोळात एक तरी ‘कोरलवाला भाऊ’ सापडतोच. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरचा पुसट लोगो पुढे करतं, ‘भाऊ, याचा दहा फुटी फ्लेक्स पाहिजे.’ भाऊ कोरल ड्रॉमध्ये ट्रेस मारतो, नोड ओढतो, मूळ फॉन्ट मिळाला नाही तर त्याच्या भावकीतला बसवतो. शेवटी कोपऱ्यात आपला मोबाइल नंबर टाकून वर लिहितो, ‘संकल्पना : भाऊ’.

परवा स्वच्छ भारतचा चष्मा काढत होता. विचारलं, ‘हा कोणाचा?’

‘गांधीजींचा.’

‘चित्र कोणाचं?’

‘चष्मा बापूंचा, मेहनत आपली. मधात तिसरा कोण आला जी?’

तिसरे म्हणजे कोल्हापूरचे अनंत खासबारदार. 2014च्या खुल्या स्पर्धेतून त्यांचाच चष्मा निवडला गेला. एरवी पश्चिम महाराष्ट्राचं नाव निघालं की विदर्भाचा अनुशेष मोजणारा भाऊ एकदम विरघळला. ‘कोल्हापूरचे? मंग तर आपलेच! घरच्या माणसाचं नाव काय टाकायचं?’

भाऊचा एक स्वतंत्र कायदा आहे : वीस टक्के बदललं का माल आपला. म्हणून तो निळ्याचा जांभळा करतो आणि निर्धास्त होतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात असा टक्का कुठेच नाही. लोगो ही कलाकृती. तिच्यावरचा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो. आणि हक्क विकला तरी ‘हे मी केलं’ म्हणायचा अधिकार कलावंताकडेच राहतो.

हे सगळं भाऊला पटतं, पण फक्त शेजारच्या दुकानदाराने त्याची लग्नपत्रिका जशीच्या तशी छापली त्या दिवशी. ‘चोरी आहे ही, सरळ चोरी!’ भाऊ गल्लीभर गरजला. त्या पत्रिकेवरचा गणपती त्याने कुठून उचलला होता, ते गणपतीलाच ठाऊक.

भाऊचा हात मात्र सफाईदार. फाटक्या चित्रातून स्वच्छ रेष काढणं सोपं नाही. त्या कामाची मजुरी त्याला पुरेपूर द्या, घासाघीस करू नका. पण लोगो त्याच्याकडे नेण्याआधी मालकाची परवानगी घ्या. खाली नाव छापल्याने तिची गरज संपत नाही. मूळ कलावंताचं नाव माहीत असेल तर तेही सोबत न्या. आणि भाऊला कोपरा हवाच असेल, तर तिथे ‘संकल्पना’ खोडून ‘पुनर्रेखाटन’ लिहायला लावा.