मियागी तांडेल

अलिबागजवळच्या रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर करंजा दिसतो. जून महिना असेल, तर मान जरा वळवल्यावर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्याही दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे यांत्रिक होड्यांना ६१ दिवस सुट्टी. पोरांना मात्र नाही. बुडाला चिकटलेली शिंपलं खरवडा, फळ्या घासा, भेगांत कापूस ठासा, रंगाचा एक हात द्या, वाळला की दुसरा द्या. कुणी कुरकुरलं तर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, वर न बघता म्हणणार, "हात चालव, तोंड नको."

नेमक्या याच कामावर हॉलिवुडने एक चित्रपट काढला आणि तोही जूनमध्येच, २२ जून १९८४ला प्रदर्शित केला. नाव 'द कराटे किड'.

गोष्ट साधी. न्यू जर्सीहून आईबरोबर लॉस एंजेलिसला आलेल्या डॅनियलला शाळेतली टारगट पोरं बदडतात. ती 'कोब्रा काय' नावाच्या कराटे वर्गात शिकलेली, म्हणजे मारही पद्धतशीर. डॅनियल राहतो त्या इमारतीत मियागी नावाचा म्हातारा नळ-दिवे दुरुस्त करायला असतो. तो कराटे शिकवायचं कबूल करतो आणि पोराच्या हाती फडकं देतो. गाड्या धू, मेण लाव, मेण पूस. मग लाकडी फरशी घास. मग कुंपण रंगव. मग अख्खं घर. चौथ्या दिवशी डॅनियलचा पारा चढतो, तेव्हा मियागी एकदम ठोसे मारायला लागतो आणि पोराचे हात आपसूक ते अडवतात. घासण्या-पुसण्यातच कराटे मुरलेलं असतं.

रेवसच्या पोरांना इथवर सगळं ओळखीचं वाटेल. त्यांची तक्रार एवढीच, की आपल्या तांडेलाच्या पटकथेत ठोसे अडवण्याचा प्रसंग लिहिलेलाच नाही. एक होडी रंगवून झाली की शेजारची होडी येते.

पुढे मियागी डॅनियलला लहानशा होडीच्या नाळेवर उभं करून तोल शिकवतो. स्वतः निवांत गळ टाकून बसतो आणि पोरगं बोलायला लागलं की होडी हलवून त्याला पाण्यात पाडतो. प्रेक्षक थक्क! इकडे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचमध्ये रिकामी पाटी कमरेवर, मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये, अशा अवस्थेत मासळीवाल्या मावशी सुटे पैसे मोजतात आणि लाँच कितीही डुलली तरी त्यांचा हिशेब चुकत नाही. त्यांना आजवर कुणी पिवळा पट्टासुद्धा दिलेला नाही.

चित्रपटामागची हकीकत जास्त गमतीची आहे. शाळकरी डॅनियल झालेला राल्फ माचिओ चित्रीकरणाच्या वेळी २२ वर्षांचा होता. मियागी झालेला पॅट मोरिटा मुळात विनोदी कलाकार, त्यामुळे निर्माते जेरी वाइनट्रॉब त्याला घ्यायलाच तयार नव्हते. त्याच भूमिकेने त्याला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं. आणि त्याला कराटे येत नव्हतं! अवघड हाणामारी फुमिओ देमुरा या खऱ्या कराटेगुरूंनी केली. मोरिटाकडे दुसरं शिक्षण होतं. लहानपणीची कित्येक वर्षं मणक्याच्या क्षयाने रुग्णालयात गेली आणि तिथून सुटका झाली ती थेट दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांसाठी उभारलेल्या छावणीत. मियागी दारू पिऊन बायको-मुलाच्या आठवणीत कोसळतो तो प्रसंग म्हणूनच उसना वाटत नाही.

मियागीने वाढदिवसाला शिष्याला जुनी गाडी भेट दिली, याचं अमेरिकेला फार कौतुक. आता आपल्याकडचा गुरू बघा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव दिसायला किरकोळ. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत उतरवायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, परवानगी मिळवली आणि दांडग्या पोरांना चीत केलं. पुढे १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा याच खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गाडी देणारा गुरू मोठा की घर गहाण टाकणारा, याचा निकाल हॉलिवुडने लावावा.

२०१०मध्ये जॅकी चॅनला घेऊन हाच चित्रपट पुन्हा काढला. गोष्ट बीजिंगमधली, शिकवतात कुंग फू आणि नाव तेच, कराटे किड. इथे पोराला जाकीट काढायला, टाकायला, उचलायला आणि खुंटीला लावायला लावतात. मराठी आया ओला टॉवेल आणि शाळेचा गणवेश घेऊन हा अभ्यासक्रम पिढ्यान् पिढ्या राबवताहेत, निकाल अजून लागायचाय.

मियागीवर रेवसचा हक्क सांगायचाच तर आधार दुसऱ्या भागात, १९८६च्या चित्रपटात आहे. मियागी मूळचा ओकिनावाचा, जातिवंत कोळी. त्याचा एक पूर्वज मासेमारीला गेला. वारा जोराचा, दारूही जोराची, मासळी शून्य. झोप लागली ओकिनावाच्या किनाऱ्याजवळ, जाग आली चीनच्या किनाऱ्याजवळ. दहा वर्षांनी परतला तो चिनी बायको, दोन मुलं आणि घराण्याच्या कराटेचं गुपित घेऊन. रेवसचा एखादा खलाशी असा दहा वर्षांनी धक्क्याला लागला, तर कराटे त्याने दाखवायच्या आधी घरची कोळीण दाखवील, आणि त्यात गुपित काहीच राहणार नाही. आवाज करंज्यापर्यंत जाईल.