कलाटणीचा कारागीर

दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत 'रहस्यकथा' या मथळ्याखाली माझं नाव आलं की मी गणपती आळीतून जरा सावकाश चालतो. कुणाला ओळखायचं असलं तर त्याची गैरसोय नको. अजून कुणी ओळखलेलं नाही.

माझ्या कथा आधी आत्या वाचते. विश्वकोशाची मुद्रितं तपासण्यात तिची हयात गेली. माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, दुसऱ्या पानावर पेन्सिलीनं कुठंतरी एखादं टिंब देते (सुटलेला अनुस्वार असणार) आणि शेवटच्या पानावर न चुकता म्हणते, "अगंबाई, हा होय!" त्या 'अगंबाई'वर माझे पुढचे सहा महिने निघतात.

कलाटणी अशी हवी की वाचक खुर्चीवरून पडावा, आणि पडल्यावर लेखकाच्या नावानं बोटं मोडायची सोय नसावी. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेसाठी चक्क दहा आज्ञा काढल्या. जुळा भाऊ आणायचा तर वाचकाला आधी चाहूल द्या, ही त्यातली एक. आमच्या मालिकावाल्यांना ती कुणीतरी चौकटीत बसवून द्यावी. तिथं दरीत पडलेला नायक नवा चेहरा घेऊन परततो आणि वाहिनी त्याला 'महाएपिसोड' म्हणते. मला खरोखर संताप येतो. दिवसभर राबलेलं माणूस अर्धा तास विश्वासानं समोर बसतं, आणि तुम्ही त्यालाच खुळ्यात काढता?

वाईत हे खपत नाही. आमची नजर शूटिंग बघून तयार झालीय. 'गंगाजल'मध्ये वाई बिहारात गेली, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेशात. २००४च्या 'स्वदेस'साठी शेजारच्या मेणवलीचं चरणपूर झालं. जग नायकाकडं बघतं, आम्ही त्याच्या पाठीमागं. खलनायक पिस्तूल रोखतो तेव्हा आमच्याकडं, "अरे, ती गिरणीची भिंत!" गुंड नायिकेला घेऊन डावीकडं वळले की कुणीतरी कळवळतं, "तिकडं कुठं? नदी आहे!" नायक वाईच्या घाटावरून उडी मारतो तो थेट मेणवलीत; आमची वडाप तेवढ्या वेळात भरतसुद्धा नाही. आणि मधेच ढोल्या गणपती दिसला की संवाद गेले उडत, सगळ्यांचे हात जोडलेले.

त्या देवळाचंच घ्या. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्याला पत्ता नसतो की मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर येतो, पाणी भिंतीवर दुभंगून दोन्ही अंगांनी जातं, तेव्हा उलगडतं. भिंत काही त्या रात्री कुणी आणून ठेवलेली नसते. कथा अशी लिहावी. म्हणजे, मी लिहितो तशी.

हे सगळं मी आत्याला रंगवून सांगितलं आणि जाता जाता विचारलं, "ते टिंब कसलं गं देतेस?"

"खुन्याच्या नावावर देते. सापडला की खूण करायची, जुनी सवय."

"दुसऱ्या पानावर? मग 'अगंबाई' कशाला?"

"दाराशी ताटकळत उभा असतोस रे. काहीतरी म्हणायला नको?" चष्मा पुसत ती पुढं म्हणाली, "पुरावे मात्र चोख ठेवतोस हो. म्हणून तर सापडतो."

यातलं 'पुरावे चोख ठेवतोस' एवढंच मी पुढच्या अंकाच्या लेखक-परिचयात छापायला दिलं आहे.