पहाटेच्या विनापरवाना गायनाबाबत

प्रति,
श्री. कोकिळ,
मु. क्लबहाऊसमागचा आंबा (आवारातील एकमेव),
आम्रकुंज सहकारी गृहरचना संस्था, पुणे.

महोदय,

या पत्राच्या पहिल्या मसुद्यात आम्ही ‘सौ. कोकिळा’ असे लिहिले होते. कवींवर विसंबलो. पण ए विंगमधल्या चौथीतल्या मुलीने ‘गातो तो काळा नर, मादी ठिपक्यांची असते,’ असे भर सभेत सुनावले. तिला खाली खेळायला सोडत नाहीत, तेव्हा ही माहिती यूट्यूबवरचीच असावी.

आता मुद्द्याचे. मार्च लागल्यापासून आपण पहाटे चारलाच सुरू होता. एक सूर, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. आता काहीतरी तुटणार असे वाटेपर्यंत चढता आणि एकदम गप्प. सभासद छताकडे बघत पडून राहतात. जरा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा पहिल्यापासून. सी विंगमधले एक गृहस्थ झोप यावी म्हणून वार्षिक वर्गणी भरून मोबाइलवर ‘रानातली पहाट’ ऐकतात. आपल्या ओरडण्यामुळे त्यातले पक्षी नीट ऐकू येत नाहीत, अशी त्यांची लेखी तक्रार आहे.

हा विणीचा हंगाम आहे आणि आपण जोडीदारीण शोधत आहात, हे समितीला मान्य आहे. मात्र लग्नकार्यासाठी संस्थेचा हॉल आहे आणि तोही रात्री दहाला बंद होतो.

आंब्याबद्दलही कळवणे भाग आहे. संस्थेचे नाव आम्रकुंज आहे म्हणून आवारात आंबा असलाच पाहिजे, असे उपविधीत कुठेही नाही. पाने गाड्यांवर पडतात, मोहोर बॉनेटला चिकटतो. १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही. तूर्त ‘धोकादायक फांद्या’ या सदराखाली अर्ज केला आहे.

सभेत आपली बाजू मांडणारे कोणीच नव्हते असे नाही. बी विंगमधल्या डॉक्टरबाईंनी रॉजर उलरिक यांचा १९८४ साली ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास सांगितला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना वेदनेवरची कडक औषधेही कमी लागली. सभासदांपैकी कोणाचेही पित्ताशयाचे ऑपरेशन ठरलेले नसल्याने विषय दफ्तरी दाखल करण्यात आला.

मग बाई मुलांच्या चष्म्यांवर आल्या. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्त बाहेर काढले, तर तीन वर्षांत त्यांच्यात लांबचा नंबर लागण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले म्हणे. आमची मुले बाहेरच असतात, हे त्यांच्या लक्षात आणून दिले: ट्यूशनला जाताना, गाडीत. पोडियमवर हिरवेगार टर्फही टाकले आहे. त्यात किडामुंगी नाही, चिखल नाही. फक्त एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवू नये, एवढीच सूचना लावली आहे.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दा मात्र खजिनदारांनी स्वतः खोडून काढला. बंद काचेतून आलेल्या उन्हात ते अंगात तयार होत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तर ते दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी दुधातून घेतात. ऊन लागत नाही, काळवंडायला होत नाही, लिफ्टची वाट बघावी लागत नाही.

तरीही आपल्याशी वैर नको, म्हणून समितीने सवलत मंजूर केली आहे. आपण आपला आवाज एकदाच स्वच्छ रेकॉर्ड करून द्यावा. क्लबहाऊसमध्ये ‘नेचर थेरपी’ कक्ष होत आहे. दारे-खिडक्या बंद, एसी चालू. तेथे रोज सायंकाळी ७ ते ८ आपणास वाजवण्यात येईल, आणि ताणतणाव असलेल्या सभासदांना माणशी ५०० रुपयांत ऐकता येईल. त्यानंतर आंब्यावर प्रत्यक्ष येण्याचे आपणास कारण उरणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मानद सचिव

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : श्री. व सौ. कावळे, डी विंग, एसीच्या आउटडोअर युनिटवरील तारांचे घरटे. (कोकिळांची मुले आपल्याकडेच वाढतात असे समजते. मेंटेनन्स कोणाच्या नावे लावावा, ते आठ दिवसांत कळवावे.)