मार्गदर्शक महोदयांस वडशाच्या प्रॉम्प्टरचे अनावृत पत्र

प्रति,
समस्त पीएच.डी. मार्गदर्शक
(विद्यापीठ कोणतं ते विचारत नाही. पत्र आपल्यालाच आहे असं ज्यांना वाटेल, त्यांनी वाचावं.)



मी वडशाला राहतो. सरकारी कागदावर देसाईगंज. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर आहे, म्हणजे आपण दोघे एकाच धंद्यातले. उजेडात उभं राहायचं दुसऱ्याने, घाम दुसऱ्याचा, आणि आपण विंगेत वही धरून. फरक थोडासाच आहे. नट अडला आणि मी गप्प राहिलो, तर कंपनीचा मालक माझी नाईट कापतो. तुमची गप्प राहिल्याने कापली गेल्याचं ऐकिवात नाही. शिवाय पोस्टरवर माझं नाव कधीच नसतं. तुमचं मात्र विद्यार्थ्याच्या शोधनिबंधावर असतं, कधी कधी त्याच्याही आधी. ही कला आम्हाला शिकवलीत तर उपकार होतील.

तुमची माझी ओळख तुमच्या विद्यार्थ्यांमुळे झाली. धान घरी आलं, दिवाळी आटोपली, की भाऊबीजेपासून आमचा सीझन सुरू होतो, तो होळीच्या आसपासपर्यंत. गावोगावी मंडईची जत्रा, बैलांचा शंकरपट आणि रात्री नाटक. बुकिंग करायला माणसं वडशाला येतात, कारण कंपन्यांची ऑफिसं इथे आहेत. त्यांच्या मागोमाग तुमचे संशोधकही येतात. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर हा विषय चांगलाच चालतो असं मला दिसतं. विद्यार्थी येतात, पण तुमच्यापैकी कोणी आलेलं मी अजून पाहिलं नाही. विषय मंजूर करायला तो पाहावा लागत नाही, हे माझ्या अडाणी डोक्यात उशिरा शिरलं.

गेल्या सीझनला एक पोरगी आली. तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते. मला मामा म्हणते. ऑफिसच्या बाकावर बसून तिने प्रश्नावली काढली, सुबक छापलेली. पहिला प्रश्न : आपण नाटक पाहता का? होय / नाही. मी म्हटलं, "बाई, मी नाटक पाहत नाही, ऐकतो. टिक कुठे करू?" ती ओशाळली. मी पुढे वाचत गेलो. चौदावा प्रश्न होता : आपल्या बचत गटाचा मासिक हप्ता आपण नियमित भरता का? पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "मामा, जुन्या प्रबंधाचा नमुना दिला होता गा सरांनी. त्यातला राहून गेला वाटते." खाली तुमची सही होती, शिक्क्यासकट. एवढा विश्वास हल्ली सख्ख्या भावावरही कोणी ठेवत नाही. मी हप्ता नियमित भरतो असं लिहून दिलं. तिच्या संशोधनाला माझ्याकडून बाधा नको.

मग तिने प्रबंधाचा आराखडा दाखवला. पहिलं प्रकरण जिल्ह्याचं स्थान, अक्षांश-रेखांश, पर्जन्यमान, 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, हेही त्यात आलं. नाटक यायला शंभर पानं लागतात. आमचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, पण आमच्याकडेही नांदी एवढी लांबत नाही. गृहीतक क्रमांक एक : झाडीपट्टीतील लोकांना नाटक आवडते. शेवटच्या प्रकरणात ते सिद्ध होणार आहे. मला धाकधूक होती, कारण न आवडल्याचं निघालं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं?

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो, कारण हे मला खरंच लागलं. तिच्या वहीत एक प्रश्न होता, तिचा स्वतःचा : वडसाच का? झाडीपट्टीत गावं थोडी नाहीत. नदीपलीकडे ब्रह्मपुरी आहे, तिथे कॉलेजं आहेत. गडचिरोली जिल्ह्याचं ठिकाण आहे. मग कंपन्यांनी बिऱ्हाड वडशालाच का मांडलं? तिचं म्हणणं असं की यामागे रेल्वे आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लायनीवरचं हे स्टेशन. जिल्ह्यात वर्षानुवर्षं गाडी थांबली ती इथेच. नागपूरकडची नटमंडळी उतरणार इथे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली चारही बाजूंनी बुकिंगवाले येणार इथे, आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडचा मुलूख. दंडार आणि खडी गंमत हे लोककलेचे खेळ गावातच जन्मतात आणि गावातच राहतात. पण पगारी नाटक कंपनीला स्टेशन लागतं. ती जुन्या मालकांना भेटली, कोणाचं ऑफिस कोणत्या वर्षी कुठे होतं ते कागदावर मांडत बसली. माझं आयुष्य या धंद्यात गेलं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पहाटे नाटक सुटल्यावर ती स्कूटीने जंगलाच्या रस्त्याने परत जायची, आणि आमच्या वडसा वनविभागात वाघ कुठे निघेल त्याचा नेम नाही.

यावर तिने लिहिलेल्या प्रकरणावर तुम्ही लाल शाईने लिहिलंत : विषयाशी संबंध नाही, वगळावे. आणि अक्षांश-रेखांश ठेवलेत.

साहेब, नट अडतो तेव्हा प्रॉम्प्टर अख्खा डायलॉग म्हणत नाही. पहिला शब्द देतो, तोही पहिल्या दोन रांगांना ऐकू जाणार नाही असा. जो नट रंगात येऊन वहीबाहेरचं चांगलं बोलतो, त्याला आम्ही अडवत नाही. पान उलटतो आणि तो परत कुठे येईल तिथे बोट ठेवून बसतो. यापलीकडे या धंद्यात मला काही येत नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुमची रीत वेगळी असणार.

नियम तुमच्या बाजूने आहेत, हे तिनेच दाखवलं. यूजीसीचे 2022 चे नियम. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी. (आमच्या नाटकात एका रात्री डझनभर नट एका प्रॉम्प्टरवर असतात, पण त्यांना काय, ते फक्त नाटक करतात.) दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची, समितीने मार्गदर्शन करायचं. तिने सांगितलं, चहा येतो, बिस्किटं येतात, फॉर्मवर 'प्रगती समाधानकारक' असं आधीच छापलेलं असतं. सहा वर्षांत संपवायचं, फार तर दोन वर्षं वाढवून मिळतात, बाईमाणसाला आणखी दोन. दहा वर्षांचा हिशेब सरकारने मांडून ठेवला आहे. तिचं तिसरं प्रकरण गेल्या पोळ्यापासून तुमच्या टेबलावर आहे, म्हणजे अजून भरपूर सवड आहे. ती फोन करते तेव्हा तुम्ही "बघतो" म्हणता. बघावंच लागेल, वाचायचं नसेल तर.

दहा टक्क्यांपर्यंत जुळणी चालते म्हणे, 2018 चा नियम आहे. मशीन सांगतं किती जुळलं. मशीन प्रबंध पूर्ण वाचतं, हे ऐकून बरं वाटलं. कोणीतरी वाचतं.

तुम्ही तिला एकदा एचएमटी तांदूळ आणायला सांगितला होतात. तो वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांचा. शेतात वेगळी दिसलेली लोंबी त्यांनी जपली, वर्षानुवर्षं निवडली, आणि वाणाला नाव पडलं ते घड्याळाच्या कंपनीवरून. दादाजींना गाइड नव्हता. बहुधा म्हणूनच वाण निघाला. नाहीतर ती लोंबीही विषयाशी संबंध नसल्याने वगळली गेली असती.

गाइड असून निभावल्याचं उदाहरणही आहे. बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' म्हणून छापून आला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. आपल्याला काही मुद्दे पटत नाहीत असं त्यांनी त्या प्रस्तावनेतच लिहिलं, आणि विचारांच्या ताजेपणाची तारीफही केली. म्हणजे वाचला होता.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार? राज्यभर गदारोळ झाला. फेलोशिपसाठी पोरं आझाद मैदानापर्यंत जाऊन बसली. त्या सगळ्या गोंधळात तुमचं एक बरं झालं. गाइड काय लावतात, हे कोणी विचारलं नाही. फेलोशिपच्या कागदावर सही तुमची लागते, म्हणून पोरंही विचारत नाहीत. मला फेलोशिप नाही, पदवी नाही, तुमच्या सहीचं मला काम नाही. म्हणून हे पत्र मी लिहितो आहे. तिला याची खबर नाही, आणि तिचं नाव तुम्हाला यात सापडणार नाही. उगाच शोधू नका.

येत्या सीझनला एकदा वडशाला या. गोंदियाहून गाडी आहे. विंगेत माझ्या शेजारी एक खुर्ची ठेवतो, रात्रभर बसा. पहाटे चहा माझ्याकडून. बचत गटाचा हप्ता भरलेला आहे, काळजी नसावी.

आपला,
एक प्रॉम्प्टर, वडसा

ता. क. येणं जमलं नाही तरी चालेल. रेल्वेचं प्रकरण मात्र तिला परत घालू द्या, आणि तिसरं प्रकरण या महिन्यात वाचून परत करा. शेरे पेन्सिलीने लिहिले तरी हरकत नाही.